रंगवलेले साठ मुठे

साठ खेकड्यांना नेलपॉलिश लावणारी बाई, अशी आमच्या वाडीत माझी ओळख आहे. मी एमएस्सी झाले, महाडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, वर्गात माझा आवाज चढला की मागच्या बाकापर्यंत शांतता पसरते. पण वाडीत पाऊल टाकलं की पहिला प्रश्न ठरलेला, "काय गो बाय, यंदा कोनाला रंगवतेस?" मला राग येत नाही. उलट इतकं हसू फुटतं की हातातली पिशवी खाली ठेवावी लागते. ही ओळख मिळाली ते तीन आठवडे माझे पाय जमिनीवर नव्हतेच मुळी.

आमची वाडी पोलादपूर तालुक्यात, कापडे गावाच्या वरच्या अंगाला. घरं तीस, त्यातली निम्मी गणपती आणि शिमगा सोडला तर कुलपात. माणसं मुंबईला. वर्गात जीवसंख्येचा धडा आला की मी पुस्तकातलं उदाहरण घेतच नाही. सांगते, कुठल्याही जिवाची एका जागची संख्या चार गोष्टींनी बदलते. जन्मले किती, मेले किती, बाहेरून आले किती आणि सोडून गेले किती. आता बघा आमची वाडी. वर्षभर नुसती जावक! आणि गणपतीच्या आदल्या दिवशी अशी आवक होते की एकेका घरात वीस-वीस माणसं, न्हाणीपुढे रांग, आणि विहिरीवरचा पंप दुपारी बारालाच धापा टाकतो. जागा, पाणी, अन्न पुरेल तेवढेच जीव एका ठिकाणी टिकतात, त्याला धारणक्षमता म्हणतात, हे मग वेगळं समजावून द्यावं लागत नाही. बिरवाडीत मी भाड्याने घेतलेल्या खोलीची धारणक्षमता दोन. एक मी आणि दुसरी माझी मैत्रीण, एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये काम करणारी. तिचे आईवडील आणि तीन बहिणी रायगड बघायला आले तेव्हा मी दोन दिवस गॅलरीत चपलांशेजारी झोपले होते.

तर मुठे. मुठे म्हणजे आमच्याकडचे गोड्या पाण्यातले काळे खेकडे. भाताच्या बांधात बिळं करतात, व्हाळातल्या दगडांखाली बसतात. व्हाळ म्हणजे ओढा. आमचा व्हाळ वाडीला वळसा घालून खाली खाचरांकडे उतरतो. आणि या व्हाळातल्या मुठ्यांची राणी म्हणजे माझी काकी.

बाकीची मंडळी बत्ती घेऊन अंधारात मुठे धरतात. काकी भर दिवसा, उजेडात, बिळात सरळ हात घालते. खांद्यापर्यंत! तोंडाने बडबड चालूच, "ये ये, भायेर ये, लाजतोस काय," आणि हात बाहेर येतो तो मुठ्यासकट. तिच्या बोटांवर नांग्यांचे इतके वण आहेत की आधारच्या मशीनवर तिचा ठसा तीनदा नापास झाला. काका मुंबईला एका कंपनीच्या कँटीनमध्ये. त्यांच्याकडून येतं ते घराला जातं. पण पावसाळाभर पोलादपूरच्या स्टँडजवळ टोपली घेऊन बसून काकी जे मिळवते ते तिचं एकटीचं, त्याबद्दल तिला कोणी विचारायचं नाही आणि कोणी विचारतही नाही. माझी कॉलेजची पहिली बॅग त्यातनं आली होती. चार माणसं "मुठे खावे तर हिच्याकडचे" म्हणत तिला शोधत येतात, तेव्हा तिची मान अशी ताठ होते की बघत राहावं.

त्या वर्षी लावणी उरकल्यावर एका रविवारी दुपारी देवळात गावकी बसली. गावकी म्हणजे वाडीची सभा. गावकीचे अध्यक्ष एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, आणि सभासुद्धा गाडीसारखी चालवतात. वेळेवर सोडतात, मध्ये कोणाला चढू देत नाहीत. ते म्हणाले, "गेल्या साली गौरीच्या निवदाला चार घरांत मुठा मिळाला नाय. व्हाळ रिकामा झालाय. यंदा आत्तापासून दिवाळीपर्यंत मुठे धरायची बंदी."

आमच्याकडे गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, आणि त्यात मुठ्यांचं कालवण नाही म्हणजे गौर रुसलीच. त्यामुळे सगळ्यांनी माना हलवल्या. एक वर्ष कळ काढू, पुढच्या वर्षी तरी मिळतील. फक्त पायरीवर बसलेली काकी ताडकन उठली.

"व्हाळ भरलेला हाय. ज्याचे डोळे रिकामे त्याला दिसायचा नाय!"

झालं! देऊळ डोक्यावर घेतलं सगळ्यांनी. कोणी म्हणे मुठे संपले, कोणी म्हणे लपलेत, एकजण म्हणाला वरच्या वाडीचे लोक चोरून नेतात. दिवाळीनंतर मुठे बिळांत खोल जातात, म्हणजे बंदी आली की काकीचा अख्खा हंगाम गेला, हे तिथे प्रत्येकाला ठाऊक होतं आणि बोलत कोणीच नव्हतं. मला राहवेना. मी सुट्टीला आलेली, मागे खांबाला टेकून गप्प बसायचं माझं काम. पण अंगात काय संचारलं देव जाणे, मी ओरडले, "भांडता कशाला? मोजू या की!"

सगळे वळून बघायला लागले. अध्यक्ष म्हणाले, "मुठे काय शाळंतली पोरं हायत, हजेरी घ्यायला?"

"अध्यक्षकाका, सगळे नाही मोजायचे. थोडे धरायचे, रंगवायचे, सोडून द्यायचे, परत धरायचे."

आता सभेत जो हशा पिकला तो मी विसरणार नाही. पण मी पेटले होते. देवळातला तांदळाचा डबा ओढला, मूठभर तांदूळ काढले, त्यांना हळद चोळली, परत डब्यात टाकून खालीवर केले. "आता डब्यात एकूण दाणे किती, हे सगळे न मोजता सांगायचंय. दुसरी एक मूठ काढा. तिच्यात दर दहा दाण्यांत एक पिवळा निघाला, तर याचा अर्थ काय? माझे पिवळे दाणे सगळ्या डब्याचा दहावा हिस्सा आहेत. पिवळे किती ते मला माहीत आहे. त्याला दहाने गुणलं की डबाभर तांदूळ मोजून झाले!"

अध्यक्ष तांदळाकडे बघत होते. काकी म्हणाली, "म्हंजे पिवळे कमी निघाले तर तांदूळ जास्ती."

"बरोब्बर!" मी टाळीच वाजवली. माझ्या वर्गात हे कळायला दोन तास जातात.

शेवटी ठरलं असं. मोजणीत मुठे हजाराच्या वर निघाले तर खुशाल धरा. हजाराच्या खाली निघाले तर दिवाळीपर्यंत बंदी, आणि मोडेल त्याला गावकीबाहेर बसवणार. मोजणी होईपर्यंतही कोणी धरायचे नाहीत. काकी "मान्य" म्हणाली. बाहेर पडताना मात्र तिने माझा दंड घट्ट धरला. "नीट मोज गो बाय. माझं सगळं त्यात हाय."

दुसऱ्या दिवशी महाडच्या बाजारात बांगडीवाल्या चाचांकडे गेले आणि एकाच लाल रंगाच्या सहा बाटल्या मागितल्या. चाचा खूश. "शादी हाय का घरात?"

"नाही चाचा. खेकड्यांना लावायचंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, बाटल्यांकडे बघितलं, आणि पहिल्या सहा परत ठेवून खालच्या खणातून दुसऱ्या काढल्या. "मग हा घे. हा पाण्यात टिकतो."

पुढच्या शनिवारी मी आणि काकी व्हाळात उतरलो. काय मजा आली म्हणून सांगू! ती धरायची, दोन्ही नांग्या मागून दाबून मुठा माझ्यासमोर आणायची. मी ओढणीच्या टोकाने पाठ कोरडी करायची, वर लाल ठिपका लावायचा आणि वाळेपर्यंत फुंकर मारायची. साठ मुठ्यांना फुंकर! मुठे तोंडातून फेस काढून निषेध करत होते. एका मादीच्या पोटाच्या झाकणाखाली पिल्लं होती, मसुराच्या डाळीएवढी, सगळी हलत होती. तिला मी सगळ्यात हळू हात लावला. काकीच्या तोंडाचा पट्टा चालूच. "साठ जनांना नटवलंस, स्वतःला कधी नटवनार? ह्या तुझ्या शिकलेल्या हातांनी एखादा नवरा धर की." मी इतकी हसले की दगडावरून घसरून व्हाळात बसले, बाटली वर धरून. बाटली वाचली.

जिथून धरले तिथेच सगळे सोडले. एक आठवडा त्यांना इकडेतिकडे मिसळू दिलं. आणि त्यानंतरच्या रविवारी अख्खी वाडी टोपल्या घेऊन व्हाळात. म्हातारे, बायका, पोरं, झाडून सगळे. मोजणीच्या निमित्ताने एक दिवस धरायला मोकळीक होती ना! दुपारी देवळापुढच्या अंगणात घमेली मांडली. मी वही घेऊन बसले. एकेक टोपली रिकामी होत गेली, मी काळे मोजत गेले आणि लाल शोधत गेले. चौऱ्याऐंशी मुठे आले.

लाल एकही नाही.

मी परत बघितलं. उलटेपालटे करून बघितलं, एकाने अंगठा धरला तरी बघितलं. शून्य. मोबाईल काढला, साठ गुणिले चौऱ्याऐंशी भागिले शून्य. मोबाईलने हात टेकले.

आता खरं तर मला तिथेच थांबायला हवं होतं. शून्य आलं की आपलं काहीतरी चुकलंय असं समजायचं, हे मी स्वतः शिकवते, खडू आपटून शिकवते. पण समोर साठ-सत्तर माणसं श्वास रोखून बघतायत, काकी खांबाला धरून उभी आहे, आणि पिवळे कमी निघाले तर तांदूळ जास्ती! मी वही उंच धरली आणि किंचाळले, "अगणित! मुठे अगणित आहेत!"

अहो, काय तो जल्लोष! ढोल निघाला. वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मुंबईच्या मंडळींनी खेकड्यांची चित्रं इतकी टाकली की माझा मोबाईल अडकून पडला. अध्यक्षांनी स्वतःच्या मानाचा नारळ मला दिला. मोठा टोप चढला, खोबरं भाजलं गेलं, आणि ते चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी मुठे आम्ही त्या दुपारी कालवण करून हाणले. अगणितातले चौऱ्याऐंशी गेले तर काय फरक पडतो? मी सात खाल्ले. काकी म्हणाली डोकं धरलंय, आणि न जेवताच घरी गेली. आनंदाने धरलं असेल, मला वाटलं. सोमवारी वर्गात मी बेसुमार वाढीचा आलेख काढला, रेघ वर वर जात फळा संपला, तर मी ती भिंतीवर नेली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. शिपाईमामांनी नंतर मला ओला फडका आणून दिला.

मैत्रिणीने मात्र रात्रीच्या जेवणात फुगा फोडला. "नेलपॉलिश निघून गेलं असेल तर?" लॅबमध्ये काम करणाऱ्या मुलींबरोबर राहू नये.

"निघणार नाही. चाचा म्हणाले पाण्यात टिकतं."

"चाचांनी खेकड्यावर लावून बघितलंय?"

मग काय, चार मुठे मागवले, ठिपके लावले, बादलीत व्हाळातले दगड आणि पाणी घालून खोलीच्या कोपऱ्यात ठेवले. तिसऱ्या दिवशी सकाळी बादलीत एक. उरलेल्यांपैकी एक मैत्रिणीच्या सँडलमध्ये, एक गॅसच्या शेगडीखाली, आणि एकाचा पत्ताच नाही. मैत्रीण खाटेवर उभी, कंपनीची बस खाली हॉर्न देते आहे, आणि मी चिमटा घेऊन जमिनीवर पालथी. शेवटचा तिच्या कंपनीच्या हेल्मेटमध्ये सापडला. सगळ्यांच्या पाठीवर ठिपके टकाटक लाल! कात टाकली की रंग जातो, हे खरं. पण साठजण एकाच आठवड्यात थोडीच कात टाकतील?

मग माझे साठ गेले कुठे? शनिवारी दोन तास रजा टाकून वाडीची गाडी पकडली.

पहिलंच घर शेजारच्या वहिनींचं. त्या ओट्यावर भाजी निवडत होत्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "वहिनी, रविवारी धरताना लाल ठिपक्याचा एखादा दिसला होता का हो?"

"एकादा? चार आले टोपलीत," वहिनी अभिमानाने म्हणाल्या. "लगेच सोडले. तुमच्या मुठ्यांना आमी कशाला हात लावू?"

मी तिथेच ओट्यावर बसले.

आमच्या वाडीत कोंबड्या दिवसभर मोकळ्या हिंडतात. कोणाची कुठली ते कळावं म्हणून कोणी पायात चिंधी बांधतं, कोणी पंखाला रंग लावतं. खूण केलेली कोंबडी तुमच्या अंगणात आली, तुमचं धान्य टिपून गेली, अंडं घालून गेली, तरी ती त्या घरची. अंडंसुद्धा नेऊन द्यायचं. रंग लावलेल्याला हात लावला म्हणजे चोरी, हे इथलं रांगतं पोरही जाणतं. मी याच वाडीत वाढले, आमच्या कोंबड्यांना मीच हिरव्या चिंध्या बांधायची! आणि मी साठ मुठ्यांवर माझी खूण करून त्यांच्यात सोडले, आणि ते माझ्या स्वाधीन करा असं सांगायचं मला सुचलं नाही. तांदळाच्या दाण्यांना मालक नसतो हो. मुठ्यांना मी मालक दिला होता.

घराघरांत विचारत गेले. सगळीकडे तेच, आणि सगळे खुशीत. "आमी दोन सोडले." "माझ्या पोराने घरात आनलेला, कान धरून परत नेऊन सोडायला लावला." एका आजोबांनी तर मुठा माझा आहे म्हणून त्याच्या बिळापर्यंत पोचवून दिला होता. काय बोलणार? माझी मोजणी अख्ख्या वाडीने प्रामाणिकपणे बुडवली होती. मला हसूही येत होतं आणि कपाळ बडवून घ्यावंसंही वाटत होतं. बरं, सोडलेले लाल मिळवून तरी आकडा काढावा, तर तेही नाही. एकच बिचारा लाल मुठा तीन टोपल्यांतून सुटून तीनदा मोजला गेला असेल, कोणास ठाऊक!

शेवटी काकीकडे गेले. ती अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. मी सगळं घडाघडा सांगितलं. ती पाखडायची थांबली नाही. "असं व्हय," एवढंच म्हणाली.

आणि मग मी जे बोलले त्याची मला अजून लाज वाटते. मी म्हणाले, "काकी, हे अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही. गावकी समाधानी आहे. परत मोजलं तर आकडा हजाराच्या खाली जाईल, मला नक्की वाटतंय. तू सांग. तू नको म्हणालीस तर मी गप्प बसते."

सूप थांबलं. तिने एक खडा वेचला, अंगणाबाहेर फेकला. "उद्या रविवार हाय," ती म्हणाली. "ग्रुपवर टाक. परत मोजायचं म्हन."

ग्रुपवर मी असं लिहिलं की लहान पोरालाही कळावं. लाल मुठे माझे नाहीत, ते सगळ्या वाडीचे आहेत. दिसला की धरा, टोपलीत घाला, एकही सोडू नका, मोजून झाले की मी सगळे परत व्हाळात सोडणार आहे. खाली पंचवीस अंगठे आले. अध्यक्षांनी स्वतःच्या आवाजात पाठवलं, "कोनी सोडला तर दंड!"

रविवारी परत घमेली मांडली. यावेळी ढोल नव्हता. टोपल्या रिकाम्या व्हायला लागल्या आणि पहिल्याच टोपलीत दोन लाल पाठी चमकल्या. पोरं ओरडली. मला आनंद झाला, खरंच झाला. पद्धत चालते, माझी पद्धत चालते! पुढच्या टोपलीत एक. मग एकही नाही. मग दोन. सगळी घरं संपली तेव्हा सत्तावन्न मुठे झाले होते, त्यात नऊ लाल. काकीची टोपली यायची बाकी होती.

ती सगळ्यांत शेवटी आली. टोपली घमेल्यात ओतली नाही. खाली बसली आणि एकेक मुठा हाताने काढून ठेवायला लागली. काळा. काळा. लाल. काळा. लाल. सगळे तिच्या हाताकडे बघत होते. तेवीस मुठे, त्यातले सात लाल. मी बेरीज केली. ऐंशीत सोळा. पाचातला एक.

"किती गो?" अध्यक्षांनी विचारलं.

"साठाच्या पाचपट," मी म्हणाले. "तीनशे. मागच्या रविवारी आपण खाल्ले ते धरले तरी चारशे भरत नाहीत." त्या एका दुपारी आम्ही जल्लोष करत व्हाळातला जवळजवळ पाचातला एक मुठा खाऊन टाकला होता, ते मला तेव्हा कळलं. आणि त्यातले सात मी एकटीने.

अध्यक्ष खाली बघत होते. बंदी हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नव्हता. काकीकडे कोणीच बघत नव्हतं. तेव्हा तीच उठली, गुडघ्यावर हात टेकून, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"मागल्या रविवारी माझ्या टोपलीत अकरा लाल आलेले. बाकीच्यांनी हिचे म्हनून सोडले. मी पन सोडले, पन हिचे म्हनून नाय. पिवळे कमी तर तांदूळ जास्ती, ते मला पहिल्या दिवशीच कळलेलं. घाला बंदी. व्हाळ खरंच रिकामा हाय. मी दगड उचलते, मला म्हायती हाय."

देवाशप्पथ सांगते, मला आधी हसू आलं. इतकी वर्षं शिकवते, दरवर्षी साठ-सत्तर पोरं बाकांवर बसतात, आणि जिला ही पद्धत पहिल्या फटक्यात आतून बाहेरून कळली ती एकच, आणि तिने ती कशाला वापरली! मी हसत होते आणि माझे डोळे वाहत होते. कोणीतरी मला पाणी दिलं. अध्यक्ष म्हणाले, "दिवाळीपर्यंत बंदी," आणि सभा नेहमीपेक्षा लवकर सुटली.

ऐंशीच्या ऐंशी मुठे आम्ही दोघींनी व्हाळावर नेऊन सोडले. ते आडवे आडवे पळाले, लाल ठिपके दगडांखाली दिसेनासे झाले. परत येताना मी विचारलं, "काकी, मग आज का आणलेस? आजही सोडता आले असते. कोणाला कळलं नसतं."

"तू जिंकून गेली होतीस," ती म्हणाली. "तुला परत यायचं काय अडलं होतं? तरी आलीस. आनि खोटं निघालंय ते पहिलं माझ्या दारात येऊन सांगितलंस, गप बसू का म्हनून विचारलंस. माझ्यापायी तू खोटं बोलायला तयार झालीस गो. ते मला नाय चाललं."

वाटेत बांधावर एक ताजं बीळ होतं, तोंडाशी ओली माती. काकी थांबली. हात उचलला, आणि मागे घेतला.

"आता दिवाळीपर्यंत ह्या हातांनी काय करायचं," ती म्हणाली, "ते हाय का गो तुझ्या पुस्तकात?"

"नाही," मी म्हणाले.